दोन पाइप आणि एक व्हाळ: स्वस्तातला पूल का वाहून जातो?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. आकडे मात्र थोडे जास्त घातलेत, कारण कानाने ऐकलेला गुणाकार कोणाच्याच लक्षात राहत नाही.)

आज ॲप नाही, एआय नाही, मोबाईलचा रिव्ह्यू नाही. आज आपण पूल बांधायचा आहे. छोटा. रिक्षा जाईल एवढा.

आमची वाडी मालवण तालुक्यात, गड नदीच्या अंगाला. हीच नदी पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये एक व्हाळ आहे. व्हाळ म्हणजे ओढा, पण आमच्याकडे ओढा कोणी म्हणत नाही. उन्हाळ्यात त्यातून मोटरसायकल जाते. जून ते सप्टेंबर फक्त माणूस जातो, साकवावरून. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझ्या आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. १०८ची गाडी आली, वेळेत आली, आणि व्हाळाच्या पलीकडे उभी राहिली. आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला दोन बांबू बांधून, चार जणांनी पोफळीच्या खोडांवरून पलीकडे नेलं. एकाचा पाय घसरला होता. आजी आज ठणठणीत आहे, पण तो साकव आठवला की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो.

तर गेल्या मे महिन्यात वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. सिमेंटचे दोन मोठे पाइप, टेम्पोतून उतरवलेले. खाली काकांचा मेसेज: हे व्हाळात टाकायचे, वर चिरे आणि माती भरायची, एका दिवसाचं जेसीबीचं काम, वर्गणी द्या. त्याखाली धडाधड अंगठे. मग मला फोन. "तू इंजिनेर मां? मगे बघ जरा."

मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचा. गावाला हा फरक मान्य नाही. प्रिंटर बंद पडला तरी मी आणि पूल बांधायचा तरी मीच. त्यामुळे मी बसलो, पुस्तकं उघडली, एका ओळखीच्या सिव्हिलवाल्याचं डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय. आणि जे कळलं ते मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. मला वाटायचं पुलाचा प्रश्न वरून जाणाऱ्या गाडीचा असतो. तो बहुतेक वेळा खालून जाणाऱ्या पाण्याचा असतो.

पण आधी गाडीचंच बघू, कारण तो भाग सोपा आहे आणि मजेशीर आहे.

घरात प्लास्टिकची फूटपट्टी असेल तर घ्या. दोन पुस्तकांवर आडवी ठेवा, मध्ये बोटाने दाबा. वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. हलत नाही. प्लास्टिक तेच, वजन तेच. तुळईचं सगळं गणित या एका प्रयोगात आहे. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते. म्हणून लोखंडी गर्डरचा आकार इंग्रजी 'आय' अक्षरासारखा असतो. वर आणि खाली माल जास्त, मध्ये फक्त पातळ भिंत, कारण मधल्या मालाला फारसं काम नसतं.

आणि इथे मला आमच्या साकवाचं कौतुक वाटलं. पोफळीचं खोड कापून बघितलंय का कधी? बाहेरची साल दगडासारखी, आतला गाभा मऊ. काम करणारा माल निसर्गाने बाहेरच्या बाजूला ठेवलाय. जुन्या लोकांनी साकवाला पोफळ वापरली ती स्वस्त होती म्हणून, हे खरंच, पण ती चुकीची निवड अजिबात नव्हती. जाता जाता, 'साकव' हा शब्द संस्कृतातल्या 'संक्रम'वरून आलाय, म्हणजे ओलांडणं. संक्रांतीतही तेच ओलांडणं आहे. गोव्यात कोकणीत कुठल्याही पुलाला 'सांकव'च म्हणतात.

आता गणित. आमच्या व्हाळावर दोन टेकूंमधलं अंतर साधारण ६ मीटर लागतं. मागच्या चाकांवर अडीच टन असलेली रुग्णवाहिका पुलाच्या बरोबर मध्ये आली असं धरू. मध्ये ठेवलेल्या वजनाने तुळईला वाकवणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर भागिले चार. अडीच गुणिले सहा भागिले चार, पावणेचार टन-मीटर. दोन गर्डर आहेत, म्हणजे प्रत्येकावर निम्मा. गाडी उभी नाही, धक्के देत चाललीय, म्हणून दीडपट धरायचा. एका गर्डरवर सुमारे २.८ टन-मीटर आला. बाजारात जो आयएसएमबी २०० नावाचा गर्डर मिळतो, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचा, तो साधारण पावणेचारपर्यंत घेतो. पुलाचं स्वतःचं वजन वेगळं मोजायचं, पण कागदावर पास.

मी खूश झालो आणि ग्रुपवर टाकणार, एवढ्यात त्या सिव्हिलवाल्याने विचारलं, "पूल झाल्यावर तुमच्याकडे पहिलं घर कोण बांधणार?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने समजावलं. आज तुमच्या वाडीत चिरे डोक्यावरून येतात, म्हणून कोणी मोठं घर काढत नाही. पूल झाला की पुढच्याच डिसेंबरात कोणीतरी स्लॅबचं घर काढणार. मग वाळूचा डंपर येणार. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, जवळजवळ साडेचार टन. दोन ब्रासचा डंपर गाडीसकट पंधरा टनांच्या आसपास. त्यातले दहा टन मागच्या चाकांवर. ड्रायव्हर उतरून तुमचा बोर्ड वाचणार आहे का?

पुलावर किती वजन येणार हे पूल नसताना मोजता येत नाही. पूल स्वतःच आपलं वजन बोलावून आणतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. आज शंभर युजर आहेत म्हणून शंभरांचा सर्व्हर घेतला, आणि साइट चांगली चालली म्हणूनच ती पडली.

दहा टनांचा हिशेब केला तर एका गर्डरवर सव्वाअकरा टन-मीटर येतो. त्याला आयएसएमबी ३५० लागतो. आता गंमत बघा. ७ मीटरचे दोन २०० वाले गर्डर सुमारे ३५५ किलो भरतात. दोन ३५० वाले सुमारे ७३५ किलो. लोखंड किलोला ६५ रुपये धरलं तर पहिल्यांचे तेवीस हजार, दुसऱ्यांचे अठ्ठेचाळीस हजार. ताकद साडेतीनपट, जास्तीचा खर्च पंचवीस हजार. म्हणजे स्वस्तातला पूल बांधायचा म्हणून गर्डरमध्ये काटकसर करणं हा सगळ्यात महागडा शहाणपणा. (हे आकडे समजून घेण्यासाठी आहेत, बांधण्यासाठी नाहीत. गर्डर आडवा लचकू नये म्हणून बांधणी लागते, जोड लागतात, वरची पाटी लागते, आणि या सगळ्यावर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही लागते. माझी चालत नाही.)

बोर्डाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, तेव्हा लष्कराच्या मद्रास सॅपर्सनी चूरलमला इथे १९० फुटांचा बेली पूल दिवस-रात्र राबून उभा केला. त्या कामातल्या मेजर सीता शेळके आपल्या तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या. त्या पुलाची क्षमता २४ टन. लष्करी पुलाला असा आकडा असतोच, आणि त्याच्यापेक्षा जड गाडी वर जात नाही. आपल्याकडचा साकव बिनआकड्याचा असतो. 'जाता रे, काय होणा नाय' हा आमचा लोड क्लास.

आणि माणसांना हलकं समजू नका. पादचारी पूल मोजताना गर्दीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत धरतात. ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद पूल माणसांनी गच्च भरला, म्हणजे गणपती विसर्जनाला आमच्याकडे भरतो तसा, तर साडेचार टन. भरलेल्या रुग्णवाहिकेपेक्षा जास्त. १५ जून २०२५, रविवार, पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला तो असाच गर्दीने भरला होता. दुचाकीही वर नेलेल्या होत्या असं बातम्यांत आलं. चार माणसं गेली. पुण्यात राहणारे माझे कितीतरी मित्र कधी ना कधी त्या पुलावर फोटो काढून आलेत.

बरं. हे झालं वरचं. आता खाली उतरू, पाण्यात.

काकांचे दोन पाइप ९०० मिलिमीटरचे होते. ह्यूम पाइप. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाने काँक्रीटचे पाइप गोल फिरवून बनवायची युक्ती काढली, आणि आपल्याकडे १९२६ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली. भारतातला निम्मा ग्रामीण रस्ता या पाइपांवरून जातो असं मला वाटतं. मोरी म्हटली की हेच.

प्रश्न असा की आमच्या व्हाळात पाणी किती येतं? काका म्हणाले, गुडघाभर. शेजारच्या आत्या म्हणाल्या, कमरेएवढं. माझ्या बाबांना १९८०च्या दशकातला एक पूर आठवतो, त्यात कलमाच्या झाडाला बांधलेली होडी व्हाळातून आली होती. आठवणींची सरासरी काढता येत नाही, म्हणून मी गुगल अर्थ उघडलं. सड्यावरचं किती पाणी आमच्या व्हाळात उतरतं ते चढ-उतार बघत बोटाने आखलं. जवळजवळ १०० हेक्टर निघालं.

यासाठी एक साधं, जुनं सूत्र आहे. पडणाऱ्या पावसातला किती हिस्सा जमिनीत न मुरता वाहतो, गुणिले तासाला किती मिलिमीटर पाऊस, गुणिले किती हेक्टर, भागिले ३६०. उत्तर दर सेकंदाला घनमीटर. आमचा सडा जांभ्याचा, वर माती नावालाच. ऑगस्टमध्ये तो भिजून भिजून तुडुंब असतो. दहातलं सहा हिस्से पाणी वाहतं असं धरलं. पाऊस तासाला १०० मिलिमीटर. मोठा आहे, कबूल. मोठ्या टापूवर एवढा पडला तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. पण छोट्या व्हाळाला पूर यायला तास लागत नाही, वीस मिनिटांची एक जोरदार सर पुरते, आणि तेवढ्या वेळापुरता तो वेग कोकणात दुर्मिळ नाही.

०.६ गुणिले १०० गुणिले १०० भागिले ३६०. साडेसोळा घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. दहा हजार लिटरचे दीड टँकर. दर सेकंदाला.

आता पाइप. ९०० मिलिमीटरच्या एका पाइपचं तोंड ०.६४ चौरस मीटर. पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने गेलं असं धरलं तर एका पाइपमधून १.६ घनमीटर. दोघांतून ३.२. साडेसोळापैकी ३.२! सगळं पाणी न्यायला दहा-अकरा पाइप लागले असते, आणि आमच्या व्हाळात रुंदीला पाचही बसत नाहीत. ठीक आहे, पाऊस निम्मा धरा. तरी पाच-सहा पाइप.

मी हे काकांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "झिला, तुझो हिशोब बरोबर असात. पण इतक्या पाणी मियां कधी बघूक नाय."

आणि मला त्याचं उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचंही खरं होतं. त्यांनी इतकं पाणी एका उंचीला बघितलं नसणार, कारण आज व्हाळ मोकळा आहे. पाणी पसरतं, मळ्यात शिरतं, दोन तासांत उतरतं. पाइप टाकून वर भराव केला की तो पूल राहत नाही, तो बंधारा होतो. त्याला दोन भोकं असलेला बंधारा, एवढंच. उरलेलं तेरा टन पाणी सेकंदाला मागे तुंबणार. मग ते दोन वाटा शोधणार: भरावाच्या वरून किंवा भरावाच्या कडेने. त्यात पाइपच्या तोंडाशी झावळं, बांबूची बेटं, एखादी आंब्याची फांदी. भोकं दोनाची एक व्हायला किती वेळ लागतो?

शेजारच्या आत्या, ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, त्या हे एका वाक्यात बोलल्या: "पाणी आपली वाट इसरणा नाय."

कडेने जाणारं पाणी सगळ्यात वाईट. आपल्याला वाटतं पाणी पूल ढकलून पाडतं. बऱ्याचदा ते पुलाला हातही लावत नाही, खालची आणि बाजूची माती नेतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि जुना ठोकताळा असा की ते ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं. चौसष्ट! म्हणजे संध्याकाळी ज्या पाण्याने मूठभर वजनाचे गोटे लोळवले, तेच पाणी अरुंद जागेतून दुप्पट वेगाने निघालं तर चिरा उचलून नेईल. आपला एक चिरा तीस किलोच्या आसपास असतो. म्हणून पाणी जिथे अरुंद होतं, आणि जिथे वरून खाली पडतं, तिथे खड्डा पडतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे सड्यावर कातळ पण व्हाळाच्या तळाला खाडीचा मऊ गाळ, तिथे हा खड्डा एका रात्रीत पायाखाली पोचतो. घरगुती पुलांचा सगळा खरा खर्च इथे आहे: दोन्ही काठांच्या भिंती, त्यांचा पाया, आणि पाणी पडतं तिथे मोठ्या दगडांचं पिचिंग. गर्डर लोक फोटोत दाखवतात. पाया कोणी दाखवत नाही.

आमच्या भागात अजून एक खलनायक आहे, तो पंचांगात राहतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. त्याच वेळी वरून पूर आला तर व्हाळाचं पाणी खाडीत उतरूच शकत नाही, खाडीच वर चढून येते. भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी परत येते. म्हणजे पाऊस कधी पडला यावर तो व्हाळ गुडघाभर की छातीभर हे ठरतं. काकांचं गुडघाभर आणि आत्यांचं कमरेएवढं, दोन्ही बरोबर असण्याची शक्यता माझ्या लक्षात उशिरा आली. एकजण ओहोटीला गेला असेल, दुसरी भरतीला.

खारं पाणी आलं की मीठ आलं. सिमेंटच्या आतली सळी सुरक्षित असते ती काँक्रीटमुळे. मीठ मुरत मुरत सळीपर्यंत पोचलं की ती गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. सळी आतून फुगते, काँक्रीट फुटतं, पोपडे पडतात. मालवणात जुन्या घरांच्या छज्ज्यांखाली बघा, तपकिरी डाग आणि उघडी सळी. म्हणून समुद्राच्या फवाऱ्यातल्या कामाला आपल्या मानकात किमान एम३५ काँक्रीट आणि सळीवर ५० मिलिमीटर आवरण सांगितलंय. गावचा मिस्त्री अंगठ्याने माप घेऊन वीस-पंचवीस ठेवतो. त्यात खाडीची न धुतलेली वाळू वापरली, तर मीठ बाहेरून यायचीही गरज नाही. आपणच आत भरलं.

मग करायचं काय? तीन मार्ग आहेत आणि तिन्ही आपल्याकडे जुने आहेत.

पहिला, मोकळा गाळा. मध्ये काही नको, पाइप नको, खांब नको. पाच मीटर रुंद, दीड मीटर उंच मोकळी जागा म्हणजे साडेसात चौरस मीटर. त्याच अडीच मीटरच्या वेगाने पावणेएकोणीस घनमीटर पाणी जातं. आमचा साडेसोळाचा पूर बसतो, आणि झावळंही निघून जातात. महाग, पण महाग भाग काठांचा.

दुसरा, फरशी. म्हणजे व्हाळाच्या तळालगत काँक्रीटचा सपाट रस्ता, पाणी सरळ वरून जाऊ द्यायचं. पाण्याशी भांडायचंच नाही. जुन्या रस्त्यांवर अशा फरश्या अजून आहेत. वर्षातले बरेचसे दिवस गाडी जाते, पुराचे काही तास बंद. पण या बंदला शिस्त लागते. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगायला लागते, आणि 'एवढं काय' म्हणून गाडी घालणारे दरवर्षी बातमीत दिसतात. आणि आजीची रात्र त्या बंद तासांतलीच होती.

तिसरा, साकवच, पण नीट. शेजारच्या कर्नाटकात, सुळ्याला गिरीश भारद्वाज नावाचे मेकॅनिकल इंजिनीअर आहेत. १९८९ मध्ये आरंबूरला पयस्विनी नदीवर त्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने तारांवर लटकणारा पूल बांधला. पुढे असे शंभरावर झाले. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. ते सगळे पूल पायी चालायचे आहेत. मला आधी वाटलं, गाडीचा का नाही? आता वाटतं, तिथेच त्यांची हुशारी आहे. माणसाला पलीकडे न्यायचं हा प्रश्न गाडीला पलीकडे न्यायच्या प्रश्नापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि अर्ध्या वेळा खरा प्रश्न माणसाचाच असतो.

परवानगीचं थोडक्यात. व्हाळ आपल्या जमिनीतून जात असला तरी त्याचा तळ आपला नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नद्या-नाल्यांचे तळ सरकारचे. भरतीचं पाणी पोचत असेल तर सीआरझेड आलं, कांदळवन असेल तर विषयच वेगळा. आणि तुंबलेलं पाणी वरच्या माणसाच्या मळ्यात शिरलं तर भांडण तुमच्या दारात. पण याची चांगली बाजूही आहे: कोकणात साकव हे सरकारी कामाचंही नाव आहे, त्यासाठी निधी येतो. ग्रामसभेचा ठराव, मागणी, पाठपुरावा. कंटाळवाणं आहे, पण काँक्रीटची सही तिथे मिळते.

आमच्याकडे काय झालं? मे महिन्यात मी चार दिवसांसाठी गेलो. काका आणि मी व्हाळात उतरून टेपने मोजलं. तेव्हाच पाइपांवरची खूण बघितली, एनपी२. हा हलक्या कामाचा पाइप. रस्त्याखाली एनपी३ किंवा एनपी४ लागतो. काका बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "टेम्पोवाल्यान सांगल्यान नाय."

वर्गणी परत करायची नाही असं ठरलं. त्या पैशात साकव नवा केला. दोन फूट उंच, खोडांच्या जागी लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि रुंदी मुद्दाम स्ट्रेचर बसेल एवढी. चौकटीचं डिझाइन सिव्हिलवाल्याने करून दिलं, फीऐवजी आंब्याची पेटी. ग्रामपंचायतीची परवानगी घेतली. दोन्ही टोकांना मध्ये एक खांब रोवला, दुचाकी शिरू नये म्हणून. यावरून भांडण झालं, अजून चालू आहे. देवळात एक घडीचं स्ट्रेचर आणून ठेवलं. गाडीच्या पुलाचा ठराव ग्रामसभेत झाला, कागद पुढे गेलाय, मी महिन्यातून एकदा फोन करतो.

काकांनी स्वतःहून एक गोष्ट केली. काठावरच्या माडाला फुटाफुटाच्या अंतरावर लाल रंगाच्या रेषा मारल्या. आता मोठा पाऊस झाला की ग्रुपवर फोटो येतो: कितवी रेष, किती वाजता, भरती की ओहोटी. या जुलैत एका रात्री पाणी चौथ्या रेषेला होतं, पहाटे चारला, भरती. काकांनी फोटोखाली काही लिहिलं नाही, फक्त मला टॅग केलं.

पाइप अजून तिथेच आहेत, फणसाखाली. एकात आत्यांच्या कोंबड्या राहतात.